संगणक प्रयोगशाळा, विद्यापीठीय : आभासीकरण व थिन क्लायंट

विद्यापीठ वा महाविद्यालय यांच्या संगणक प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्यापुढे स्वतंत्र व परिपूर्ण संगणक न ठेवता गणनशक्ती व साठवण एका किंवा अधिक मध्यवर्ती सर्व्हरांत एकवटण्याची आणि विद्यार्थ्यापुढे केवळ पडदा, कळफलक, माऊस व त्यांना जालाशी जोडणारे एक छोटे यंत्र ठेवण्याची पद्धती. या छोट्या यंत्रास थिन क्लायंट म्हणतात. एकाच संगणकाच्या यंत्रसामग्रीवर परस्परांपासून अलग असे अनेक संगणक असल्याचा भास निर्माण करण्याच्या तंत्रास आभासीकरण आणि अशा प्रत्येक भासमान संगणकास आभासी यंत्र अशी संज्ञा आहे. ही दोन तंत्रे मुळात स्वतंत्र आहेत. थिन क्लायंट आभासीकरणाशिवाय वापरता येतो आणि आभासी यंत्र परिपूर्ण संगणकावरही चालविता येते. तथापि शैक्षणिक प्रयोगशाळांत ती बहुधा एकत्र येतात.

या पद्धतीचा इतिहास वरवर पाहता गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा वाटतो. वस्तुतः तिची मुळे १९६० च्या सुमाराच्या संशोधनात आहेत. गणनशक्ती कोठे ठेवावी, तिच्यापर्यंत कोणी व कसे पोहोचावे आणि प्रत्येकाची पाळी केव्हा यावी, हे प्रश्न संगणकाच्या प्रत्येक पिढीत नव्याने विचारले गेले व यंत्रांच्या किंमती बदलल्या तशी त्यांची उत्तरेही बदलली. मोठ्या शहरांतील संस्थांना या बदलांची झळ फारशी लागली नाही. राज्याच्या सीमेवरील गोंदियासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक उत्तराचा प्रत्यक्ष परिणाम अनुभवावा लागतो. प्रस्तुत नोंदीत या दृष्टीने सदर पद्धतीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. [⟶ संगणक].

कार्यपद्धती : थिन क्लायंटकडून सर्व्हरकडे कळा दाबल्याचे व माऊस हालविल्याचे संदेश जातात आणि सर्व्हरकडून पडद्यावरील चित्रात झालेले बदल परत येतात. विद्यार्थ्याचा कार्यक्रम प्रत्यक्षात सर्व्हरवर चालत असतो व त्याच्या फायलीही तेथेच राहतात. त्यामुळे थिन क्लायंट बिघडला, तर तो काढून दुसरा जोडणे एवढेच काम उरते. विद्यार्थी शेजारच्या आसनावर बसला, तरी त्याला आपले अर्धवट राहिलेले काम जसेच्या तसे मिळते.

व्यवहारात या पद्धतीचे तीन प्रकार आढळतात. (१) सामायिक सत्र : सर्व्हरवर एकच परिचालन प्रणाली (म्हणजे यंत्रसामग्री व कार्यक्रम यांच्यामधील नियंत्रक आज्ञावली) असते आणि अनेक विद्यार्थी आपापल्या खात्यातून तिचा एकाच वेळी वापर करतात. या प्रकारात स्मृतीची गरज सर्वांत कमी असते. मात्र कोणा एकाने जड कार्यक्रम चालविल्यास इतरांचे काम मंदावते. (२) आभासी डेस्कटॉप : प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र आभासी यंत्र व त्यावर स्वतंत्र परिचालन प्रणाली मिळते. या यंत्रांना यंत्रसामग्रीची वाटणी करून देणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर म्हणतात. एका आभासी यंत्रातील चूक दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. (३) जालावरून प्रारंभ : विद्यार्थ्यापुढील संगणकात चकती नसते किंवा ती वापरली जात नाही. परिचालन प्रणाली सर्व्हरवरून येते, परंतु गणन त्या संगणकातच होते. जुने संगणक उपयोगात आणण्यास हा प्रकार सोयीचा आहे.

आभासी डेस्कटॉपमध्ये साठवणीची बचत एका साध्या युक्तीने साधते. परिचालन प्रणाली व अभ्यासक्रमास लागणाऱ्या आज्ञावल्या यांची एक मूळ प्रत तयार करतात. सर्व आभासी यंत्रे तीच प्रत वाचतात व प्रत्येकाने केलेले बदल तेवढे वेगळे लिहिले जातात. मूळ प्रत ४० गिगाबाइटची असेल, तर ४० आसनांना ४० स्वतंत्र प्रतींसाठी १,६०० गिगाबाइट लागतील. प्रत्येकाचे बदल २ गिगाबाइटचे धरले, तर या युक्तीने केवळ १२० गिगाबाइट पुरतात. शिवाय तास संपल्यावर बदल पुसून यंत्र मूळ स्थितीत आणता येते आणि नवी आज्ञावली एकदाच मूळ प्रतीत घातली की ती सर्व आसनांवर उपलब्ध होते.

प्रारंभीचा काळ : १९५० नंतरच्या दशकात संगणक अत्यंत महाग होते व त्यांचा वापर गठ्ठा पद्धतीने होई. वापरणारा आपला कार्यक्रम छिद्रित पत्त्यांवर तयार करून संगणक-चालकाकडे देई आणि काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी छापील निष्पत्ती घेऊन जाई. एखादे चिन्ह चुकले, तर पुन्हा तितकीच प्रतीक्षा करावी लागे. या अडचणीवर उपाय म्हणून कालविभागणीची कल्पना पुढे आली. मनुष्य विचार करण्यात व टंकलेखनात जो वेळ घालवितो, त्या वेळात संगणक इतर अनेकांची कामे करू शकतो, हे तिचे मूळ तत्त्व होय. १९५९ साली ब्रिटनमधील क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी एका निबंधात व अमेरिकेतील जॉन मॅकार्थी यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटीत) या विषयाची मांडणी केली. त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. त्याच वर्षी मॅकार्थी यांनी दूरध्वनीप्रमाणे गणनशक्तीही एक सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे भाकीत केले.

विद्यापीठातील सर्व विद्यार्थ्यांपर्यंत संगणक नेण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात झाला. जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्‌झ या गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही सोपी भाषा व तिच्यासाठी कालविभागणी प्रणाली तयार केली आणि १ मे १९६४ रोजी ती कार्यान्वित झाली. तीत विद्यार्थी दूरटंकयंत्रापुढे बसून संगणकाशी थेट संवाद करीत. विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता आला पाहिजे, ही तिच्यामागील भूमिका होती. विद्यार्थ्यापुढील यंत्राला स्वतःची गणनशक्ती नसणे व सर्व काम दूरच्या यंत्राने करणे, ही आजच्या थिन क्लायंटची लक्षणे या दूरटंकयंत्रात स्पष्टपणे दिसतात.

आभासी यंत्राची कल्पनाही याच काळातील आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात सीपी-४० व त्यानंतर सीपी-६७ या प्रणाली विकसित झाल्या. त्यांत प्रत्येक वापरणाऱ्याला एका परिपूर्ण संगणकाचे प्रतिरूप मिळे व त्यावर तो आपल्या पसंतीची परिचालन प्रणाली चालवू शके. १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ही सुविधा बाजारात आली. १९७४ साली जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखाद्या संगणकाचे आभासीकरण कोणत्या अटींवर शक्य होते, याचे गणिती विवेचन प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रातील आरंभ : महाराष्ट्रातील विद्यापीठीय संगणनाचा आरंभ मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला संगणक १९६० साली पूर्ण झाला व १९६२ साली त्यास टिफ्रॅक हे नाव देण्यात आले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला व देशातील अनेक संशोधन संस्था व विद्यापीठे यांचे अभ्यासक त्याचा उपयोग करू लागले. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएट बनावटीचा मिन्स्क-२ हा संगणक बसविण्यात आला. १९७० नंतरच्या दशकात टाटा संस्थेत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने संगणक तंत्रांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. तेथील डेक-१० हा कालविभागणी संगणक अनेक टर्मिनलांवरून वापरता येई. या केंद्रातूनच १९८५ साली एनसीएसटी ही संस्था निर्माण झाली व २००३ साली ती सीडॅकमध्ये विलीन झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जालातही एनसीएसटीचा महत्त्वाचा वाटा होता.

या टप्प्यावर संगणक एका ठिकाणी व त्याची गरज असणारे अनेक ठिकाणी अशी स्थिती होती. गोंदियापासून मुंबई लोहमार्गाने सु. ९७० किमी. अंतरावर आहे. टर्मिनल व संगणक यांना जोडणारी विश्वसनीय तार उपलब्ध नसल्याने सामायिक संगणकाचा लाभ व्यवहारात त्याच्या आसपास राहणाऱ्यांनाच मिळे. कालविभागणीने पाळीची प्रतीक्षा कमी केली, परंतु अंतराची अडचण तशीच राहिली.

मराठीच्या दृष्टीने या काळातील एक घटना उल्लेखनीय आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांसंबंधीचे जिस्ट हे तंत्र १९८८ नंतर पुण्याच्या सीडॅक संस्थेत विकसित झाले. त्यावर आधारलेली जिस्ट टर्मिनले मध्यवर्ती संगणकास जोडली असता देवनागरीसह विविध भारतीय लिप्यांत काम करता येई. लिपीचे ज्ञान मध्यवर्ती संगणकाऐवजी विद्यार्थ्यापुढील टर्मिनलात ठेवले होते, हा त्यांचा विशेष होय. आज युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीमुळे मराठी टंक व कळफलक-मांडणी यांची सोय सर्व्हरवरच्या मूळ प्रतीत एकदाच करता येते.

वैयक्तिक संगणकाचा काळ : १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आल्यावर सामायिक संगणकाची गरज संपली, असे अनेकांना वाटू लागले. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणकविषयक धोरणामुळे आयात व उत्पादन यांवरील बंधने सैल झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गोंदिया येथे १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेचे मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले, ते या लाटेतच. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. अभियांत्रिकीचे शिक्षण जिल्ह्यातच मिळू लागल्याने संगणक प्रयोगशाळा ही तेथील दैनंदिन गरज बनली.

तथापि वैयक्तिक संगणकाच्या भरभराटीच्या काळातही सामायिक पद्धती भारतीय महाविद्यालयांतून पूर्णपणे गेली नव्हती. ८०३८६ किंवा ८०४८६ या प्रक्रियकाच्या एका संगणकावर युनिक्स वा झेनिक्स प्रणाली चालवून त्यास आठ किंवा सोळा टर्मिनले जोडणे, ही १९९० च्या सुमाराची परिचित व्यवस्था होती. तसेच नोव्हेल नेटवेअर प्रणालीत चकती नसलेले संगणक सर्व्हरवरून सुरू होत. चकत्या महाग होत्या, हे याचे कारण होय. पुढे चकत्या व स्मृती स्वस्त झाल्या आणि प्रत्येक आसनावर परिपूर्ण संगणक ठेवण्याची प्रथा रूढ झाली. तिच्यासोबत नव्या अडचणी आल्या. चाळीस संगणकांवर एखादी आज्ञावली चाळीस वेळा बसवावी लागे, विषाणू एका यंत्रातून दुसऱ्यात जात आणि तीन-चार वर्षांत यंत्रे कालबाह्य होत. प्रयोगशाळेतील काही यंत्रे कायम बंद असणे व एका यंत्रापुढे दोघातिघांनी बसणे, हे अनेक महाविद्यालयांतील नेहमीचे दृश्य झाले.

सामायिक पद्धतीचे पुनरागमन : १९९० नंतरच्या दशकात संगणकजाल स्वस्त व वेगवान झाल्यावर जुनी कल्पना नव्या नावाने परत आली. थिन क्लायंट ही संज्ञा १९९३ च्या सुमारास ऑरॅकल कंपनीत प्रथम वापरली गेली. १९९५ मध्ये त्या कंपनीचे लॅरी एलिसन यांनी स्वस्त जालसंगणकाचा पुरस्कार केला. सिट्रिक्स कंपनीची विनफ्रेम ही प्रणाली १९९५ मध्ये व मायक्रोसॉफ्टची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये आली. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सचे सन रे हे यंत्र आणि मुक्त आज्ञावलीच्या क्षेत्रात लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, संक्षेपाने एलटीएसपी, यांचा उदय झाला. एलटीएसपीमुळे टाकाऊ ठरलेले संगणक टर्मिनल म्हणून वापरता येऊ लागले. परवाना शुल्क नसल्याने जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत तिचा प्रसार झाला.

भारतातही या काळात असे प्रयत्न झाले. चेन्नई येथील नोव्हेशियम या कंपनीने घरगुती व शैक्षणिक वापरासाठी स्वस्त जालसंगणक तयार केला. २००८ साली तत्कालीन आंध्र प्रदेश राज्याने सु. ५,००० शाळांत एन-कंप्युटिंग कंपनीची उपकरणे बसविण्याची मोठी योजना हाती घेतली. तीत एका संगणकास अनेक आसने जोडली जात. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आणि संगणक शिकू इच्छिणाऱ्यांचा वर्ग ग्रामीण भागात निर्माण झाला.

आभासीकरणाचा मार्ग मात्र अधिक खडतर होता. वैयक्तिक संगणकांतील एक्स८६ या वर्गाच्या प्रक्रियकांत पोपेक व गोल्डबर्ग यांच्या अटी पूर्ण होत नव्हत्या. त्यांतील काही आज्ञा हायपरव्हायझरला कळू न देताच यंत्राच्या अंतर्गत स्थितीला स्पर्श करीत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याचे तंत्र वापरून १९९९ साली आपले पहिले उत्पादन आणले. केंब्रिज विद्यापीठातील (इंग्लंड) संशोधकांनी २००३ मध्ये झेन हा मुक्त हायपरव्हायझर प्रसिद्ध केला. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी या कंपन्यांनी प्रक्रियकांतच आभासीकरणास साहाय्य करणाऱ्या सोयी घातल्या आणि २००७ साली केव्हीएम हा हायपरव्हायझर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. अशा रीतीने पूर्वी केवळ बड्या संगणकांवर असलेली सुविधा सामान्य सर्व्हरवर विनाशुल्क मिळू लागली. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने केव्हीएमच्या आधारे बादल ही शैक्षणिक प्रणाली उभारली. तीवर विद्यार्थी व अध्यापक यांना मागणीप्रमाणे आभासी यंत्रे मिळतात.

गोंदिया जिल्हा व जोडणीचा प्रश्न : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ होती. उत्तरेस मध्य प्रदेश व पूर्वेस छत्तीसगढ ही राज्ये आहेत. धान हे मुख्य पीक असून भातगिरण्या हा गोंदिया शहराचा प्रमुख उद्योग आहे. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ठिकाण गोंदियापासून लोहमार्गाने सु. १३० किमी. आहे. गोंदिया शहरात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, वर उल्लेखिलेले अभियांत्रिकी महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन या संस्था आहेत. दक्षिण व पूर्व भागातील तालुके वनांनी व्यापलेले असून तेथील विद्यार्थ्यांच्या बाबतीत महाविद्यालयातील प्रयोगशाळा हाच अनेकदा संगणकाशी येणारा एकमेव संबंध असतो. प्रयोगशाळेतील एखादे आसन बंद असण्याचा अर्थ त्यांच्यासाठी म्हणूनच वेगळा असतो.

जोडणीच्या बाबतीत फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झालेले माहिती व संप्रेषण तंत्रविद्येद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हा महत्त्वाचा टप्पा होय. या अभियानाखाली देशभरच्या महाविद्यालयांना सवलतीच्या दरात आंतरजाल-जोडणी देण्यात आली. तसेच व्हर्च्युअल लॅब्ज या प्रकल्पाद्वारे दूरस्थ प्रयोगांची सोय झाली व मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने मराठीसह अनेक भारतीय भाषांत स्पोकन ट्यूटोरियल हे पाठ उपलब्ध केले. २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञानजालास मंजुरी मिळाली. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा या सर्व सोयींची कसोटी लागली. ज्यांच्या घरी केवळ मोबाइल दूरध्वनी होता, त्यांना व्याख्यान ऐकता आले, परंतु आज्ञावली लिहून ती चालवून पाहणे कठीण गेले. प्रयोगशाळेतील यंत्र दुरून वापरता यावे, ही गरज त्यामुळे प्रकर्षाने जाणवली.

सर्व्हर नागपूर, पुणे वा मुंबई येथे ठेवावा की महाविद्यालयाच्या आवारात, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. महाविद्यालयातील अंतर्गत जालाचा वेग सामान्यतः सेकंदास १०० ते १,००० मेगाबिट असतो व कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब जाणवत नाही. बाहेरील जोडणी सेकंदास १० मेगाबिट असून ४० जण ती एकाच वेळी वापरीत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास पाव मेगाबिट येतो. तेवढ्यात मजकूर व साधी आज्ञावली यांचे काम होऊ शकते, परंतु चलच्चित्रे व आरेखनाचे कार्यक्रम चालत नाहीत. शिवाय रस्त्याच्या खोदकामात तार तुटली की सर्व वर्ग बंद पडतो. म्हणून दैनंदिन प्रात्यक्षिकांसाठी आवारातील सर्व्हर व क्वचित लागणाऱ्या मोठ्या गणनासाठी दूरचे केंद्र, अशी विभागणी सोयीची ठरते.

खर्च व विद्युत् : पडदा वगळता एका डेस्कटॉप संगणकास काम करताना सु. ८० वॉट वीज लागते असे धरल्यास ४० आसनांना ३,२०० वॉट लागतील. थिन क्लायंट १० वॉटचा, सर्व्हर ५०० वॉटचा व जालसामग्री ५० वॉटची धरल्यास एकूण मागणी ९५० वॉट होते. उन्हाळ्यात ४५° से. च्या आसपास तापमान जाणाऱ्या पूर्व विदर्भात कमी उष्णता निर्माण होणे हाही लाभच आहे, कारण त्यामुळे वातानुकूलनाचा खर्च घटतो. वीज गेल्यास घटमालेवर प्रयोगशाळा अधिक काळ चालू राहते. तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत् केंद्र असले, तरी गावोगावच्या वितरणातील खंड हा स्वतंत्र प्रश्न असून त्याचा विचार प्रयोगशाळेच्या रचनेत करावाच लागतो.

यंत्रांच्या किंमतीत होणारी बचत मात्र बेताचीच असते. थिन क्लायंट स्वस्त असला, तरी सर्व्हर महाग असतो. ४० आभासी यंत्रांना प्रत्येकी ४ गिगाबाइट स्मृती द्यायची, तर सर्व्हरला १६० गिगाबाइटहून अधिक स्मृती लागते. सामायिक सत्र पद्धतीत तेवढ्याच आसनांचे काम सु. ४० गिगाबाइटमध्ये होऊ शकते. खरी बचत देखभालीच्या श्रमांत व यंत्रांच्या वाढलेल्या आयुष्यात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य संपल्यामुळे कालबाह्य ठरलेले अनेक संगणक लिनक्सच्या आधारे टर्मिनल म्हणून पुढे वापरता येण्याजोगे आहेत.

शैक्षणिक मूल्य : संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचालन प्रणाली बसविणे, जालाची मांडणी करणे, सुरक्षिततेचे प्रयोग करणे या गोष्टी स्वतः कराव्या लागतात. त्यासाठी यंत्रावर प्रशासकीय अधिकार हवे असतात. सामान्य प्रयोगशाळेत यंत्र बिघडेल या भीतीने ते दिले जात नाहीत व विद्यार्थी फळ्यावरील आकृतीवर समाधान मानतो. आभासी यंत्र बिघडले, तर काही मिनिटांत ते पूर्ववत करता येते. त्यामुळे चूक करून शिकण्याची मोकळीक मिळते. तीन-चार आभासी यंत्रे एकमेकांस जोडून संपूर्ण जालाचा प्रयोग एका आसनावर करता येतो. पूर्वी अशा प्रयोगासाठी तितकीच प्रत्यक्ष यंत्रे अडकवावी लागत. छोट्या महाविद्यालयाच्या दृष्टीने आभासीकरणाचा हाच सर्वांत मोठा लाभ होय. उलट केवळ खर्च वाचविण्यासाठी अपुऱ्या सर्व्हरवर आसने वाढविली व अधिकार कमी केले, तर विद्यार्थ्याला पूर्वीपेक्षाही कमी मिळते.

मर्यादा : सर्व्हर बंद पडल्यास सर्व आसने एकदम बंद पडतात, ही या पद्धतीची मुख्य मर्यादा आहे. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी असे झाल्यास त्याचे परिणाम गंभीर होतात. दोन मध्यम सर्व्हर ठेवून आसने त्यांत विभागणे व एक बंद पडल्यास दुसऱ्यावर निकडीचे काम चालविणे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे. तास सुरू होताच सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू केल्यास चकतीवर ताण येऊन प्रत्येकास बराच वेळ थांबावे लागते. यावर यंत्रे आधीच टप्प्याटप्प्याने सुरू करून ठेवणे व घन-स्थिती साठवण वापरणे, हे उपाय आहेत. त्रिमितीय आरेखन व यंत्र-शिक्षणाचे मोठे कार्यक्रम यांना स्वतंत्र आलेखीय प्रक्रियक लागतात. प्रत्यक्ष विद्युत् मंडलांशी जोडून करावयाच्या प्रयोगांसाठी परिपूर्ण संगणकच सोयीचा ठरतो. सर्व विद्यार्थ्यांचे काम एकत्र साठत असल्याने त्याच्या नियमित प्रती राखणे आणि व्यवस्थापकाच्या अधिकारांना मर्यादा घालणे आवश्यक असते.

उत्पादकांवरील अवलंबित्व ही दुसरी मर्यादा होय. सन मायक्रोसिस्टिम्स ऑरॅकलच्या ताब्यात गेल्यावर सन रे यंत्रांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. तिचा भार अनेक शिक्षणसंस्थांवर पडला व त्या केव्हीएमवर आधारलेल्या मुक्त प्रणालींकडे वळू लागल्या. मुक्त प्रणालीस परवाना शुल्क नसले, तरी ती जाणणारा मनुष्य लागतो. असा तंत्रज्ञ लहान शहरात मिळणे व टिकणे हीच अनेकदा खरी अडचण असते.

देखभालीचा प्रश्न : सामायिक साधन उभारणे आणि ते चालू ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, याचे उदाहरण गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या भूमीतच आहे. या प्रदेशात कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेले असंख्य तलाव असून त्यांवर धानाची शेती पोसली गेली. पाण्याच्या पाळ्या व पाटांची दुरुस्ती यांसंबंधी गावात ठरलेले संकेत असत. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट होऊन तलाव शासनाकडे गेले. देखभालीची जुनी व्यवस्था लोपली, तिची जागा घेणारी नवी व्यवस्था तितकी समर्थ नव्हती आणि अनेक तलाव गाळाने भरले. सामायिक संगणक प्रयोगशाळेसही हाच न्याय लागू होतो. योजनेतून सर्व्हर मिळतो, परंतु त्याची मूळ प्रत अद्ययावत ठेवणे, घटमाला बदलणे, खाती उघडणे व बंद करणे यांसाठी कायम नेमलेला मनुष्य व वार्षिक तरतूद नसेल, तर दोन-तीन वर्षांत तो निरुपयोगी होतो.

यावर काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक तंत्रज्ञ व राखीव सर्व्हर ठेवणे, मूळ प्रती परस्परांना देणे आणि संगणकशास्त्राच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना देखभालीच्या कामात अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सामील करून घेणे, हे मार्ग सुचविता येतात. यांपैकी शेवटच्या मार्गाने प्रयोगशाळा सांभाळणारी माणसे त्याच गावात तयार होतात. कालविभागणीच्या काळात गोंदियाचा विद्यार्थी संगणकापासून अंतराने दूर होता. सर्व्हर आता त्याच्याच आवारात ठेवता येतो. त्यावर त्याची पाळी वेळेवर यावी व पाळी आली असता यंत्र चालू स्थितीत असावे, ही जबाबदारी आता महाविद्यालय व विद्यापीठ यांच्याकडे आली आहे.